रंगाआधी डबे मोजा
स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं की पहिली चर्चा लॅमिनेटच्या रंगाची होते. ती शेवटी व्हावी. आधी घरातले डबे मोजा. वर्षाचे गहू-तांदूळ भरून ठेवता की महिन्याचं वाणसामान आणता, यावर साठवणीची सारी आखणी ठरते. रोजचं सामान कंबर ते खांद्यादरम्यान, जड कुकर-पातेली खालच्या ट्रॉलीत, दिवाळीचा सोऱ्या आणि मोठी कढई माळ्यावर. डब्यांना फूटभर खोल फळी पुरते; २ फूट खोल कपाटात मागचे डबे विसरले जातात. सिंकखाली धान्य ठेवू नका, ओल लागते. ओट्याची उंची रोज पोळ्या लाटणाऱ्याच्या कोपरावरून ठरवा: कोपरापेक्षा ४ ते ६ इंच खाली. त्या ओट्यापाशी जे जे राबतात, त्या सगळ्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय आराखडा पक्का करू नका.