लिगामेंट फाटले आहे. ऑपरेशनची तारीख लगेच घ्यावी का?

गुलमर्ग किंवा औलीच्या सहलीत दोन-तीन दिवस स्कीइंग शिकणे आता आपल्याकडेही नवलाचे राहिलेले नाही. त्यातले काहीजण परत येतात ते सुजलेला गुडघा आणि एमआरआयचा रिपोर्ट घेऊन. रिपोर्टमध्ये लिहिलेले असते, 'एसीएल पूर्ण फाटले आहे.' मग प्रश्न येतो, "डॉक्टर, ऑपरेशन करावेच लागेल का?"

मी फिजिशियन आहे, हे ऑपरेशन ऑर्थोपेडिक सर्जन करतात. पण सर्जनने तारीख सुचवली की घरचे लोक आधी फॅमिली डॉक्टरला विचारतात, म्हणून हा लेख. माझे मत असे: बहुतेक रुग्णांनी पहिल्या एक-दोन आठवड्यांत, केवळ रिपोर्ट वाचून हा निर्णय घेऊ नये. गुडघ्याला वेळ द्यावा आणि त्या वेळेत मनापासून व्यायाम करावा.

स्कीइंगमध्ये गुडघाच का दुखावतो?

स्कीचा बूट कडक आणि उंच असतो, त्यामुळे घोटा जखडलेला असतो. पायाखाली लांब पट्टी असते. पडताना ती पट्टी बर्फात वळली की सगळा पीळ गुडघ्यावर येतो. बूट पट्टीतून सुटावा अशी व्यवस्था असते, आणि ती सुधारल्यापासून नडगीचे फ्रॅक्चर खूप कमी झाले. पण गुडघ्याच्या लिगामेंटला तिचे तेवढे संरक्षण मिळत नाही.

आधी विचारा: कोणते लिगामेंट?

'लिगामेंट फाटले' एवढ्यावर काहीच ठरत नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूचे एमसीएल नवशिक्यांमध्ये बऱ्याचदा दुखावते. त्याला रक्तपुरवठा चांगला असतो. एकट्या एमसीएलची दुखापत असेल तर पट्टा आणि व्यायाम यांनी काही आठवड्यांत ते बहुधा भरून येते, ऑपरेशन लागत नाही.

एसीएल सांध्याच्या मध्यभागी असते. ते पूर्ण फाटले तर आपोआप पूर्वीसारखे घट्ट जुळेल असा भरवसा देता येत नाही. ऑपरेशनमध्येही ते सहसा शिवत नाहीत. रुग्णाच्याच मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीजवळचा टेंडन घेऊन दुर्बिणीतून नवे लिगामेंट बसवतात.

मात्र एसीएलशिवायही बरेचसे जगणे चालते. सरळ चालणे, जिने चढणे, सायकल चालवणे यासाठी मजबूत स्नायू असले की बहुतेकांचे भागते. अडचण येते ती धावताना एकदम वळण्यात, उडी मारून उतरण्यात.

अभ्यास काय सांगतात?

स्वीडनमध्ये 121 तरुण, हौशी खेळाडूंवर झालेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांचे एसीएल नुकतेच फाटले होते. एका गटाचे लवकर ऑपरेशन झाले. दुसऱ्या गटातील 59 जणांना आधी फिजिओथेरपी दिली आणि गरज पडली तर नंतर ऑपरेशनची मुभा ठेवली. दोन वर्षांनी दुखणे, रोजचे व्यवहार, खेळ यांत दोन्ही गट सारखेच होते. दुसऱ्या गटात तोवर 23 जणांनी ऑपरेशन करून घेतले होते. उरलेल्या 36 जणांना ते लागले नव्हते.

ब्रिटनमधील 316 रुग्णांचा अभ्यास 2022 मध्ये आला. त्यात निष्कर्ष ऑपरेशनच्या बाजूने लागला. मग खरे कोणाचे? दोन्ही खरे. ब्रिटनमधील रुग्णांची दुखापत ताजी नव्हती, आणि त्यांचा गुडघा अजूनही निसटत होता. म्हणजे घाई करू नका, आणि गुडघा दगा देत असेल तर उगाच रेंगाळूही नका. प्रत्येक वेळी गुडघा निसटला की आतल्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला, इजा होण्याची भीती असते.

कोणी थांबू नये?

- पाऊल थंड, फिके किंवा बधिर पडले असेल तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते.
- गुडघा अडकून सरळच होत नसेल, फ्रॅक्चर असेल, अनेक लिगामेंट फाटली असतील किंवा शिवता येण्याजोगी गादी फाटली असेल, तर लगेच सर्जनला भेटा.

बाकीच्यांनी काय करावे?

पहिले काम सूज उतरवणे, गुडघा पूर्ण सरळ करणे आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला पुन्हा ताकद आणणे. पुढे ऑपरेशन ठरले तरी ही मेहनत वाया जात नाही. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केल्यास तो नंतरही आखडण्याचा धोका जास्त असतो. सुमारे तीन महिने नीट व्यायाम केल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारा.

1. रोजच्या वावरात गुडघा निसटतो का?
2. मला पुढे काय करायचे आहे? फुटबॉल, कबड्डी, पुन्हा स्कीइंग, की सकाळचा फेरफटका आणि ऑफिस?
3. ऑपरेशननंतर नऊ महिने ते वर्षभर नियमित फिजिओथेरपी करण्याची माझी तयारी आहे का?

गुडघा निसटत असेल किंवा वळणा-उड्यांचा खेळ सोडायचा नसेल, तर ऑपरेशन हा चांगला पर्याय आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर उत्तम सर्जनच्या हातूनही निम्मेच काम होईल.

"ऑपरेशन केले की म्हातारपणी गुडघा झिजणार नाही," असे अनेकजण समजतात. तशी हमी कोणी देऊ शकत नाही. झीज दोन्ही मार्गांनी होऊ शकते. जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, नवे लिगामेंट पुन्हा फाटणे हे धोके कमी असले तरी आहेत.

सर्जनला अवश्य विचारा, "तीन महिने थांबलो तर माझ्या गुडघ्याचे नेमके काय नुकसान होईल?" चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. त्याने तुमच्या गुडघ्यापुरते ठोस कारण दिले, तर ते ऐका. 'रिपोर्टमध्ये फाटलेले दिसते' एवढेच कारण असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टची वेळ घ्या.