इनोव्हेशन हवंय, पण मीटर चालू राहिला पाहिजे

कॉलेजबाहेरच्या दुकानात आपण 'झेरॉक्स काढून द्या' म्हणतो, मशीन कुठल्याही कंपनीचं असो. ज्या कंपनीचं नाव असं आपल्या तोंडी बसलं, तिच्याच कॅलिफोर्नियातल्या 'पार्क' या संशोधन केंद्रात १९७३ साली माऊस आणि चित्रमय पडदा असलेला 'ऑल्टो' हा संगणक तयार झाला. तो बाजारात आलाच नाही. १९७९मध्ये स्टीव्ह जॉब्ज तिथे येऊन सगळं बघून गेला. पुढे अ‍ॅपलने काय केलं ते माहीतच आहे.

मॅनेजमेंटच्या वर्गात ही गोष्ट 'वरचे साहेब आंधळे होते' अशी सांगतात. साफ चूक. साहेबांना सगळं नीट दिसत होतं. झेरॉक्स आपली यंत्रं भाड्याने द्यायची आणि निघालेल्या प्रती मोजून पैसे घ्यायची. यंत्राला चक्क मीटर असायचा. जितका कागद, तितकी कमाई. अशा घरात पडद्यावरच वाचायची सोय कोण विकणार? आणि विकलीच, तर विक्रेत्याचं कमिशन कशावर मोजणार?

याच कंपनीतला गॅरी स्टार्कवेदर बघा. न्यूयॉर्क राज्यातल्या वेबस्टरच्या प्रयोगशाळेत त्याने लेझर प्रिंटरचं काम काढलं, तर वरिष्ठाने ते बंद करायला सांगितलं. १९७१मध्ये तो बदली घेऊन पार्कला गेला. तिथे त्याला मोकळीक मिळाली आणि १९७७मध्ये कंपनीने '९७००' हा लेझर प्रिंटर बाजारात आणला. त्यावर अब्जावधी डॉलर आले. म्हणजे वेगळं केंद्र काढणं चुकलं नव्हतं. पण तिथून बाहेर काय पडू द्यायचं, हे ठरवत होता जुना धंदा. प्रिंटर कागद खायचा, म्हणून तो घरचा झाला. ऑल्टो परकाच राहिला.

आता तुमच्या ऑफिसातलं हॅकेथॉन आठवा. शनिवारी टी-शर्ट, पिझ्झा, भिंतीवर 'थिंक बिग'. सोमवारी परत तीच तिकिटं, आणि अप्रेझलला मोजतात ते बिलेबल तास. वर एचआरचं लेक्चर, की आपल्या पोरांचा माइंडसेट बदलायला हवा. पोरांकडे कल्पना ढीगभर आहेत हो! मीटर कुणाच्या हातात आहे, ते बोला.

पुढच्या वेळी बक्षीस किती, हे विचारू नका. जिंकलेल्या कल्पनेला स्वतंत्र बजेट कोण देणार, आणि ती आपल्याच चालू मालाचं गिऱ्हाईक ओढायला लागली तर ती बंद करायचा अधिकार कुणाला, एवढं विचारा. उत्तरात ज्याचं टार्गेट जुन्या मालावर ठरलंय त्याच साहेबाचं नाव आलं, तर शनिवारी घरी मस्त झोप काढा.