पस्तीस अश्वशक्तींची किंमत

जादा ताकदीच्या इंजिनासाठी जादा पैसे मोजावेत का, या प्रश्नावर आपल्याकडे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, वेगमर्यादा शंभरची, रस्ते हे असे, मग एवढी ताकद हवी कशाला? उधळपट्टी आहे ती. दुसरा तट म्हणतो, उधळपट्टी कसली? ताकद असली की ओव्हरटेक सुरक्षित होतो, इंजिनावर ताण येत नाही म्हणून मायलेज बरं मिळतं, आणि गाडी विकताना पैसे परत येतात. मला या दोघांचंही म्हणणं मान्य नाही. त्यातही दुसऱ्या तटाशी माझं भांडण जास्त आहे. निष्कर्षापुरता मी त्यांच्या जवळचा आहे, पण त्यांनी दिलेलं एकही कारण तपासायला घेतलं तर टिकत नाही.

मोघम बोलण्यापेक्षा एक गाडी समोर ठेवू. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी फोक्सवॅगनची व्हर्टस. हिची सोय अशी की एकाच सांगाड्यात दोन इंजिनं मिळतात, त्यामुळे बाकी सगळं बाजूला ठेवून नुसत्या ताकदीची किंमत तपासता येते. एक इंजिन ९९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ११५ अश्वशक्तीचं. दुसरं १४९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, १५० अश्वशक्तीचं. दोन्ही टर्बो पेट्रोल. टॉर्क पहिल्याचा १७८ न्यूटन-मीटर, दुसऱ्याचा २५०. जून २०२२ मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा लहान इंजिनाची सगळ्यात वरची ऑटोमॅटिक आणि मोठ्या इंजिनाची जीटी प्लस यांच्या एक्स-शोरूम किमतींत सव्वादोन लाखांच्या आसपास अंतर होतं. पुढे किमती बदलल्या, व्हेरिएंट वाढले, पण हिशेबाला तेच अंतर धरू. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्के रस्ता कर लागतो, म्हणजे त्या अंतरावर आणखी सत्तावीस हजार. विम्यातही फरक पडतो. २०२२ च्या दरांनुसार नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा हजार सीसीच्या आत ६,५२१ रुपये होता आणि हजार ते पंधराशे सीसीला १०,६४० रुपये. पस्तीस अश्वशक्तींसाठी खिशातून जातात ते एकूण अडीच लाख, थोडे वरच.

आता सुरक्षिततेचा दावा. हा सर्वांत जोरात केला जातो आणि घरच्यांना पटवायला सर्वांत सोयीचाही असतो, म्हणून यावर थोडं थांबतो. दावा असा: आंबा घाटाच्या अलीकडचा दोनपदरी रस्ता, पुढे रखडत चाललेला ट्रक, समोरून एखादं वाहन येतंय. अशा वेळी ताकद असेल तर आपण पटकन निसटतो. गणित करून पाहू. आपण ताशी ८० किलोमीटरने आणि समोरचाही ८० ने येत असेल, तर दोघांमधलं अंतर दर सेकंदाला सुमारे ४४ मीटरने कमी होतं. मोठ्या इंजिनाने ओव्हरटेकमधला एक सेकंद वाचवला, तर ४४ मीटर मोकळा रस्ता शिल्लक राहतो. ही काही थोडीथोडकी जागा नव्हे. इथवर दावा खरा आहे.

पण तो खरा ठरायला एक अट आहे. मोठ्या इंजिनाच्या चालकाने ओव्हरटेकची संधी लहान इंजिनाच्या मापाने निवडली पाहिजे. तसं होत नाही. ताकद हाताशी आहे हे कळलं की माणूस आधी सोडून दिली असती ती फट घेतो, आणि वाचलेले ४४ मीटर त्या फटीत खर्ची पडतात. म्युनिकमध्ये १९८० च्या दशकात टॅक्सींवर एक अभ्यास झाला होता. काही टॅक्सींना एबीएस ब्रेक बसवले, काहींना नाही. चांगले ब्रेक असलेल्या टॅक्सींचे अपघात लक्षात येण्याजोगे कमी व्हायला हवे होते. ते झाले नाहीत, कारण ते चालक अधिक आक्रमकपणे गाडी हाकू लागले होते. ब्रेकसारखी निव्वळ सुरक्षेची गोष्ट जर माणूस अशी खर्चून टाकतो, तर वेग वाढवणाऱ्या इंजिनाचं काय होणार? शिवाय तीच ताकद दोन वळणांमधल्या सरळ तुकड्यावर गाडीला ८० ऐवजी १०० वर नेऊन ठेवते. वेग सव्वापट झाला की गाडीची गतिज ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, आणि पुढच्या वळणाआधी ती सगळी ब्रेकना आणि टायरना गिळावी लागते.

ब्रेक आणि टायर तरी वाढीव आहेत का? २०२२ च्या जीटी प्लसला टायर २०५/५५ आर १६ याच मापाचे होते, म्हणजे लहान इंजिनाच्या सगळ्यात वरच्या ‘टॉपलाइन’ व्हेरिएंटला होते तेच. मागच्या चाकांना दोन्हीकडे ड्रम ब्रेक. पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला लाल रंग तेवढा दिला होता. सहा एअरबॅग दोन्हीत, घसरताना गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा दोन्हीत. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत व्हर्टसला मोठ्यांच्या आणि मुलांच्या संरक्षणासाठी पाच-पाच तारे मिळाले, ते सांगाड्याच्या आणि सुरक्षा-साधनांच्या जोरावर. पस्तीस जादा अश्वशक्तींचा त्यात काही वाटा नाही. अडीच लाख सुरक्षिततेसाठी दिले असं म्हणणाऱ्याने तिच्यातली एकही वस्तू विकत घेतलेली नसते.

मायलेजचं म्हणणं तर गमतीचं आहे, कारण ते कागदावर खरंच आहे. सुरुवातीच्या अधिकृत आकड्यांत लहान इंजिनाची ऑटोमॅटिक लिटरला १८.१२ किलोमीटर देत होती आणि मोठ्या इंजिनाची जीटी प्लस १८.६७. मोठं इंजिन हलक्या भारावर चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवतं, त्याचा हा फायदा. पण मग वर्षाला दहा हजार किलोमीटर धरा. दोन्हींत फरक येतो सोळा लिटरांचा. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर वर्षाला सतराशे रुपयांच्या आत. अडीच लाख वसूल व्हायला जवळजवळ दीडशे वर्षं लागतील. तीही १५० अश्वशक्तीची गाडी घेऊन पाय कायम हलका ठेवला तर. तसा पाय ठेवायचा होता तर ती गाडी घेतली कशाला?

विक्रीच्या किमतीबद्दल फार बोलायला नको. रस्ता कर आणि भरलेला विमा परत मिळत नाही. गाडीची किंमत पाच-सहा वर्षांत निम्म्यावर आली, तर जादा दिलेल्या पैशांचंही निम्म्याच्या आसपासच काहीतरी होतं. हौशी गिऱ्हाईक भेटलं तर चार पैसे वर मिळतील, पण त्या भरवशावर खरेदी करू नये.

एक गोष्ट दोन्ही तट विसरतात, आणि ती माझ्या मते किमतीइतकीच महत्त्वाची आहे. जादा ताकदीसोबत गिअरबॉक्स बदलतो. लहान इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टरची सहा गिअरची ऑटोमॅटिक आहे, मोठ्याला कोरड्या क्लचची सात गिअरची डीएसजी. मोकळ्या रस्त्यावर डीएसजीला तोड नाही. गिअर कधी पडला ते कळतही नाही. पण तिच्यातले क्लच गर्दीत पुढे-थांब-पुढे करताना अर्धवट टेकत-सुटत राहतात आणि तापतात. या कुळातल्या गिअरबॉक्समुळे २०१३ मध्ये चीनमध्ये पावणेचार लाखांहून अधिक गाड्या परत मागवाव्या लागल्या होत्या. नंतर तिच्यात सुधारणा झाल्या, हे खरं. तरीही ज्याचा रोजचा रस्ता हिंजवडीच्या कोंडीतून जातो, त्याने जादा पैसे देऊन आपल्या रस्त्याला कमी मानवणारा गिअरबॉक्स घ्यावा, हे मला पटत नाही. त्या कोंडीत टॉर्क कन्व्हर्टर जास्त सोशीक आहे. महागडी गाडी सगळ्याच बाबतींत वरचढ असते, हा समज इथे सपशेल आपटतो. २०२३ मध्ये मोठ्या इंजिनासोबत सहा गिअरचा मॅन्युअलही आला. ज्याला स्वतः गाडी चालवायची हौस आहे त्याने तोच आधी पाहावा.

मग पहिला तट जिंकला का? तोही नाही. ‘वेगमर्यादा १०० ची, तर १५० अश्वशक्ती कशाला’ या प्रश्नात ताकद म्हणजे शेवटचा वेग, असं गृहीत धरलेलं आहे. द्रुतगती मार्गाचे शंभर आणि समृद्धीचे एकशेवीस लहान इंजिनही आरामात गाठतं. फरक तिथे नाहीच. तो ताशी तीस ते ऐंशीच्या मधे आहे. ताम्हिणीच्या चढाला, गाडीत चार माणसं आणि डिकी भरलेली, केसपिनी वळण घेऊन बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन दीड हजार फेऱ्यांपर्यंत खाली येतं. लहान इंजिनाचा टर्बो तिथे अजून जागा झालेला नसतो. पूर्ण टॉर्क १७५० च्या पुढे मिळतो, तोही १७८. मग पहिला गिअर टाका, इंजिन ओरडू द्या, मागच्याच्या हॉर्नकडे दुर्लक्ष करा. मोठं इंजिन सोळाशे फेऱ्यांवर २५० देऊन मोकळं होतं. गाडी नुसती वर जाते, घाई न करता, आवाज न चढवता. पुन्हा तीन सिलिंडरच्या इंजिनात मुळातच एक डुगडुग असते, ती कितीही दाबली तरी सिग्नलला पायाखाली जाणवते. चार सिलिंडरचं इंजिन शांत उभं राहतं. यातलं काहीही करण्यासाठी वेगमर्यादा मोडावी लागत नाही.

हा आनंद आहे, आणि त्याला आनंदच म्हणावं, असं माझं म्हणणं आहे. आपल्या मध्यमवर्गात स्वतःच्या सुखासाठी केलेला खर्च उघडपणे सांगायला लाज वाटते. म्हणून सुरक्षितता पुढे करायची, मायलेज पुढे करायचं, विक्रीची किंमत पुढे करायची. त्याने दुहेरी नुकसान होतं. ज्याला गाडी चालवण्यात काडीचा रस नाही तोही या कारणांना भुलून अडीच लाख देतो आणि पाच वर्षं ऑफिसच्या पार्किंगपर्यंतच ती ताकद वाहून नेतो. आणि ज्याला खरा रस आहे तो आपल्या आवडीकडे सरळ पाहायचंच टाळतो, त्यामुळे ती केवढी आहे, तिला किती पैसे योग्य आहेत, हे त्याला कधी कळत नाही. २०१३ मध्ये चाकणच्याच पोलोचं १०५ अश्वशक्तीचं जीटी टीएसआय आलं, तेव्हा हॅचबॅकला एवढे पैसे कोण देतं, असं म्हणणारे पुष्कळ होते. ज्यांनी ते पैसे आवडीसाठी दिले त्यांच्यातले कितीतरी जण आजही त्या गाडीबद्दल मायेने बोलतात. ती माया कुठल्याही हिशेबाच्या रकान्यात बसत नाही, आणि बसायची गरजही नाही.

पण आनंद मान्य केला की त्याची शिस्तही मान्य करावी लागते. पहिली म्हणजे तो कर्जाने घेऊ नये. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी अडीच लाख जादा घेतले, तर महिन्याला ५,१९० रुपये जातात आणि एकूण फेड होते तीन लाख अकरा हजारांची. उरलेल्या गाडीचं कर्ज असू द्या, ती गरज आहे. हा वरचा भाग रोख देता येत नसेल तर तो परवडत नाही, एवढं स्वच्छ मानावं. दुसरी शिस्त रस्त्याची. वर्षभरातले किती किलोमीटर तुम्ही स्वतः, मोकळ्या रस्त्यावर, चढावर चालवता? चालक ठेवलेला असेल किंवा नव्वद टक्के चालवणं शहरात असेल, तर विषय संपला. लहान इंजिन घेऊन नंतर ‘स्टेज वन’ रीमॅप मारू, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवू, हा मधला मार्ग बरेच जण सुचवतात. तो मला मान्य नाही. वॉरंटी जाते, विमा कंपनीला कळवलं नाही तर दाव्याच्या वेळी गोत्यात येता, आणि गिअरबॉक्स ज्या टॉर्कसाठी बनवला त्याहून जास्त त्याच्यावर लादला जाऊ शकतो.

आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या भोवतीच्या चार किलोमीटरांत उरकू नये. तिथे दोन्ही गाड्या सारख्याच वाटतात, किंवा मोठी उगाच जास्त आवडते, कारण विक्रेता शेजारी बसून पाय दाबायला सांगत असतो. दोन्ही एकाच दिवशी मागाव्यात, घरची माणसं आत बसवावीत आणि कात्रजच्या जुन्या घाटाने वर जावं. आधी मोठी चालवावी, मग लहान. उलट केलं तर मोठीची छाप शेवटी राहते आणि लहानीला न्याय मिळत नाही. परत येताना तासभर गर्दीतूनही आणावं. घरात आणखी कोणी गाडी चालवत असेल तर त्यांनीही दोन्ही चालवून आपलं मत वेगळं सांगावं, कारण पैसे दोघांच्या संसारातून जाणार आहेत. दोघांपैकी एकाचा होकार नुसता भिडेचा असेल, तर लहान इंजिनाची गाडी बुक करावी आणि वाचलेल्या पैशांतून तिला पहिल्याच महिन्यात उत्तम पकडीचे टायर घालावेत.