मुंबईला जाणाऱ्याला भीती नको, पत्ता द्या

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात जाऊन सांगा, ‘मी पहिल्यांदाच मुंबईला चाललोय.’ दहा मिनिटांत दहा सल्लागार गोळा होतात. पाकीट मागच्या खिशात ठेवू नको. कुणाशी बोलू नको. कुणी काही दिलं तर खाऊ नको. लोकलमध्ये चढू नको, चिरडशील. टॅक्सीवाला लुटतो, लॉजवाला फसवतो, पोलीस छळतो. यादी संपत नाही. पण ज्याला परळला जायचं आहे त्याने दादरला उतरून पुढची गाडी कुठल्या फलाटावरून पकडायची, हे त्या दहांपैकी एकालाही सांगता येत नाही.

माझा आक्षेप याच गोष्टीला आहे. आपण जिला पहिल्या प्रवासाची तयारी म्हणतो, ती तयारी नसतेच. माणसाच्या गाठोड्यात भाकरीसोबत बांधून दिलेली ती भीती असते. आणि ही भीती फुकट नाही. तिची किंमत मोजावी लागते, तीही ज्याला सर्वांत कमी परवडते त्यालाच.

पहिल्यांदा मुंबईला जाणारा माणूस कोण असतो, हे आधी पाहू. सिनेमात तो हिरो व्हायला जातो. मासिकांच्या पर्यटन विशेषांकात तो गेटवे आणि मरीन ड्राइव्ह बघायला जातो. परभणी, बीड, नांदेडहून रात्रीच्या गाडीने निघणारा माणूस बहुतेक वेळा यातलं काहीच करायला जात नाही. तो टाटा, केईएम नाहीतर जेजेला जातो, हातात एक्स-रेची पिशवी असते. तो मंत्रालयात अडकलेल्या फायलीमागे जातो. तो भरतीच्या मैदानावर धावायला जातो, परीक्षेच्या केंद्रावर जातो, आझाद मैदानात उपोषणाला बसायला जातो. त्याला मुंबईची हौस नसते. त्याचं काम या राज्यात दुसरीकडे कुठे होत नाही, म्हणून तो जातो.

अशा माणसाला आपण काय देतो? माझ्या मोहल्ल्यातल्या एक खाला, छातीत गाठ होती. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी मुंबईला जायला सांगितलं. त्यांच्या ओसरीवर रोज कुणीतरी येऊन बसायचं आणि मुंबईची एक नवी कहाणी सांगून जायचं. अमक्याचे पैसे गेले, तमक्याचा मुलगा हरवला, फलाण्याला आठ दिवस फूटपाथवर काढावे लागले. खाला म्हणाल्या, ‘मरना है तो घर में मरूँगी.’ घरच्यांनी त्यांना तयार करून गाडीत बसवलं, तोवर पाच महिने गेले होते. त्या आजारात पाच महिने म्हणजे काय, हे मी सांगायला नको. त्या कहाण्या सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला मान्य आहे. पण त्यामुळे ते पाच महिने परत येत नाहीत.

मुलींच्या बाबतीत हा प्रकार आणखी पुढे जातो. पवईत किंवा नवी मुंबईत परीक्षेचं केंद्र आलं की पहिला प्रश्न ‘सोबत कोण?’ असतो. बापाने दोन दिवसांची मजुरी बुडवायची, दोघांचं तिकीट काढायचं, राहण्याचा खर्च दुप्पट करायचा. हे जमलं नाही तर परीक्षा सोडायची. आणि सुटतेच ती. लोकलला बायकांचे वेगळे डबे असतात आणि त्या डब्यात ‘ताई, कुठं उतरू?’ एवढं विचारलं की चार जणी उतरायची बाजूसुद्धा सांगतात, हे त्या मुलीला कुणी सांगितलेलं नसतं. तिला फक्त बातम्या सांगितलेल्या असतात.

मुसलमानाच्या गाठोड्यात आणखी दोन जिन्नस पडतात. पहिला बाहेरून येतो. टोपी काढून ठेव, दाढी बारीक कर, लॉजवर आधी नाव सांगू नको. हा सल्ला हवेतून आलेला नाही, हे मला ठाऊक आहे. एका लॉजवर माझ्यासमोर रजिस्टर उघडलं गेलं होतं, भाडं ठरलं होतं. आधार कार्ड पाहिलं आणि खोली ‘आत्ताच बुक झाली.’ तेव्हा असं घडतच नाही, असं मी म्हणणार नाही. पण त्यावर नाव लपवणं हा उपाय कसा? आधार कार्डावर ते छापलेलं आहे. लाज वाटायची असेल तर ती रजिस्टर मिटणाऱ्याला वाटली पाहिजे.

दुसरा जिन्नस आम्हीच आतून भरतो. ‘आपल्या वस्तीतच उतर. भेंडीबाजार, नागपाडा, कुर्ला, फार तर मुंब्रा.’ नातेवाईक असतील तर जरूर उतरावं. पण ज्याचं केमो परळला चालू आहे, त्याला रोज मुंब्र्याहून ये-जा करायला लावणं ही काळजी नाही. ‘आपली’ वस्ती आणि ‘त्यांची’ वस्ती असा मुंबईचा नकाशा आम्ही पोराच्या हाती तो निघण्याआधीच देतो, आणि मग तो आयुष्यभर त्याच नकाशावर चालतो. भाषेचंही तेच. ‘वहाँ हिंदी में बात करना’ असं बजावून पाठवतात. का? जालन्याचा पोरगा लोकलमध्ये ‘भाऊ, ही फास्ट आहे का?’ असं मराठीत विचारू शकतो. ती त्याचीही भाषा आहे. फार तर कुणीतरी ‘तुम्ही मराठी छान बोलता हो’ म्हणेल. त्यावर हसावं आणि गाडी पकडावी.

इथे कुणी म्हणेल, खबरदारी घ्यायचीच नाही का? पाकीटमार नाहीत का मुंबईत? आहेत. खबरदारी घ्यायलाच हवी. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आमच्या घरांत लहानपणीच मिळते. पण उंट बांधायला खुंटी लागते. नुसतं ‘उंट पळेल, उंट पळेल’ ओरडून तो बांधला जात नाही. प्रवासात खुंटी म्हणजे माहिती.

आणि ही माहिती अवघड नाही. लोकलचे मुख्य मार्ग तीन: मध्य, पश्चिम, हार्बर. मध्य आणि पश्चिम दादरला भेटतात. दादरचे फलाट डिसेंबर 2023 पासून सलग क्रमांकाचे झाले आहेत. पश्चिमचे 1 ते 7, मध्यचे 8 ते 14. पूर्वी दोन्हीकडे ‘एक नंबर’ होता आणि नवखा माणूस तिथेच चुकायचा. इंडिकेटरवर ‘एफ’ म्हणजे फास्ट, ‘एस’ म्हणजे स्लो. दादरहून परळला जायचं तर सीएसएमटीकडे जाणारी स्लो पकडायची, पुढचंच स्टेशन. लोक अजून व्हीटी म्हणतात, पाटीवर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असतं. लोक एल्फिन्स्टन म्हणतात, 2018 पासून पाटीवर प्रभादेवी आहे. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उलट दिशेने गर्दी असते. तेवढी वेळ टाळली तर सामान घेऊनही चढता येतं. तिकीट परतीचं काढावं. फर्स्ट क्लासच्या डब्यात चुकून चढू नये, तिथे दंड किमान अडीचशे रुपये आहे आणि ‘मी नवीन आहे’ हे कारण चालत नाही. मंत्रालयात जायचं तर ‘डिजीप्रवेश’ ॲपवर नोंदणी करावी लागते, ती गावातूनच करून निघावं. कागदपत्रांच्या दोन-दोन प्रती, आणि एका चिठ्ठीवर पत्ता मराठीत लिहिलेला. मोबाइलची बॅटरी संपते, चिठ्ठीची संपत नाही.

हे सगळं एका पानावर मावतं. मग हे पान त्या माणसाच्या हातात का नसतं? कारण ते देणं आपण कुणाचंच काम मानलेलं नाही. सरकारी दवाखान्यात रुग्णाच्या कागदावर ‘पुढील उपचारासाठी मुंबई’ एवढ्या तीन शब्दांवर सही होते. कुठला विभाग, ओपीडी कोणत्या वारी, केसपेपर किती वाजता निघतो, सोबत काय न्यायचं, राहायचं कुठे, यातलं काही नाही. पाचशे किलोमीटर दूर पाठवणाऱ्या व्यवस्थेने पत्तासुद्धा द्यायचा नाही, आणि वाट चुकली की दोष कुणाचा? ‘गावठी’ माणसाचा!

आपली पूर्वीची रीत अशी नव्हती. क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दीक मुसाफिरखाना उभा राहिला तो हजला निघालेला माणूस बंदरापर्यंत येऊन रस्त्यावर झोपू नये म्हणून. दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा आहे. बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांची माणसं तिथे राहून उपचार घेतात. स्वतः खापराचं मडकं घेऊन फिरणाऱ्या त्या माणसाला कळलं होतं की आजाऱ्याला औषधाइतकीच पाठ टेकायला जागा लागते. जकात कुणाला द्यावी याच्या आठ प्रकारांत कुरआनने मुसाफिराला वेगळी जागा दिली आहे. दाता धर्मशाळा म्हणो की मुसाफिरखाना, त्यामागची समज एकच: परक्या शहरात आलेल्या माणसाचं त्या शहरावर काही देणं लागतं. ही समज आपण हरवली आणि तिच्या जागी ‘जपून जा’ हे दोन शब्द ठेवले.

शहराने तयारी करायची असते, हे मी मुद्दाम सांगतो. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. ती मुंबईला रोज जगणारी माणसं होती. त्यांना गर्दीचा अनुभव नव्हता असं कोण म्हणेल? अनुभव होता, पूल अरुंद होता. माणसाने कितीही सावध राहावं, अरुंद पुलाला सावधपणा पुरत नाही.

आणि ज्यांना आपण अडाणी समजतो त्यांनी शहराची किती तयारी करून यावं, याचा दाखला मार्च 2018 चा आहे. नाशिकहून हजारो शेतकरी आणि आदिवासी पायी निघाले, पायांची सालटी निघाली. मुंबईत शिरल्यावर त्यांना कळलं की सकाळी दहावीची परीक्षा आहे. मुलांची वाट अडू नये म्हणून ते रात्रीतूनच आझाद मैदानाकडे चालत गेले. मुंबईच्या माणसांनीही त्यांना पाणी दिलं, खाऊ दिला, चपला दिल्या. ज्या शहराची आपण ओसरीवर बसून भीती घालतो, ते हेच शहर.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जो दवाखाना रुग्णाला मुंबईला पाठवतो, त्याने सहीबरोबर ते एक पान द्यावं. जिल्ह्याच्या रेल्वे स्थानकावर आणि एसटी स्टँडवर ते मराठीत लावलेलं असावं. गावातल्या वाचनालयाने, मशिदीच्या कमिटीने, मंदिराच्या ट्रस्टने मुंबई पाहिलेल्या दोन माणसांचे नंबर फळ्यावर लिहावेत. कुठला रुग्ण कुठल्या धर्माचा, हे त्यात विचारू नये. आणि आपण बाकीच्यांनी, पुढच्या वेळी कुणी ‘मुंबईला चाललोय’ म्हणाला की आधी विचारावं, ‘कुठं उतरणार? काम कुठल्या खात्यात आहे?’ उत्तर माहीत असेल तर कागदावर लिहून द्यावं. माहीत नसेल तर गप्प बसावं. तेवढीही मदत पुष्कळ आहे.