मनाचे आरोग्य : भावनांचा लगाम

१९७४ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात के रेडफील्ड जेमिसन ही तरुण मानसशास्त्रज्ञ अध्यापनासाठी रुजू झाली आणि काही महिन्यांतच तिला उन्मादाने गाठले. झोपेची गरज जणू संपली, विचार एकमेकांवर आदळू लागले आणि हाती येईल ते विकत घेण्याचा सपाटा सुरू झाला. सर्पदंशावरील उपचारपेट्या तिने डझनाने घेतल्या. पेंग्विन प्रकाशनाची वीसेक पुस्तके घेतली. का, तर मुखपृष्ठांवरील पेंग्विन पक्ष्यांची एक वसाहत व्हावी! उन्माद ओसरला तेव्हा बिलांची रास तेवढी उरली. अर्थशास्त्रज्ञ असलेल्या थोरल्या भावाने ती रास लावून पाहिली आणि स्वतः कर्ज काढून बहिणीची देणी भागवली. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या आणि याच आजारावरील प्रमाणग्रंथाच्या सहलेखिका ठरलेल्या जेमिसनबाईंनी हे सारे १९९५ च्या ‘ॲन अनक्वाएट माइंड’ या आत्मकथनात निःसंकोच लिहून ठेवले आहे.

मनाचा अभ्यास हाच जिचा व्यवसाय, तिलाही स्वतःच्या मनाला आवर घालता आला नाही. ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घराला याचे नवल वाटणार नाही. तेथे प्रश्न रोजचाच असतो : मुलगा हुशार आहे, सुसंस्कृत आहे, बरे-वाईट त्याला कळते, मग त्याला एवढे का आवरता येत नाही? प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचे उत्तर संस्कारांत शोधले जाते, आणि तेथे ते नाही.

या आजारास बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवीय भावविकार, असे म्हणतात. एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला अवसाद. आणि मधल्या काळात कित्येकदा माणूस अगदी पूर्ववत. भारतात २०१७ साली असे सुमारे ७६ लक्ष रुग्ण होते असा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या संख्येतील बहुतेकांच्या घरी उन्मादाला प्रथम ‘धडाडी’ म्हटले गेले असेल आणि अवसादाला ‘आळस’. व्यापारी कुटुंबात तर धडाडीचे कौतुकच होते. रात्री दोन वाजता मालाच्या मोठ्या मागण्या नोंदवणारा, उधारीवर दुसरे दुकान घेऊ पाहणारा धाकटा भाऊ घराला कर्तबगार वाटू लागतो. हुंड्या परत येऊ लागल्या की मग डोळे उघडतात.

मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचे पेशींचे दोन लहान पुंजके आहेत. त्यांना अमिग्डाला म्हणतात. समोर आलेली गोष्ट भयाची की आनंदाची, दखल घेण्याजोगी की सोडून देण्याजोगी, याचा पहिला कौल ते देतात, आणि तोही विचार जागा होण्याच्या आत. अंधारात दोरी पाहून अंग दचकते ते त्यांच्यामुळे. ती दोरी आहे हे ओळखून छातीची धडधड उतरवण्याचे काम कपाळामागील भागाचे, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे. त्यातही त्याचा खालचा व बाजूचा पट्टा भावनेला लगाम घालण्यात विशेष महत्त्वाचा मानला जातो. या दोन ठिकाणांमध्ये चेतातंतूंच्या जुड्या आहेत. निरोपांची ये-जा त्यांवरून चालते. निरोगी माणसात ही ये-जा दिवसभर अव्याहत सुरू असते आणि तिचा बहुतांश भाग त्याच्या ध्यानीही येत नाही. गिऱ्हाईक उद्धटपणे बोलले तरी दुकानदार हसून उत्तर देतो, तेव्हा हा लगाम ओढला गेलेला असतो.

द्विध्रुवीय विकारात हा दुवा सैल आढळतो. एफएमआरआय तपासणीत मेंदूच्या कोणत्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढला हे दिसते. तपासणी चालू असताना व्यक्तीला भ्यालेले, रागावलेले, हसरे चेहरे दाखवले जातात. अशा अनेक अभ्यासांत या रुग्णांचा अमिग्डाला, विशेषतः उन्मादाच्या काळात, प्रमाणाबाहेर उसळी घेताना दिसला आणि लगामाचा पट्टा त्या मानाने निस्तेज राहिला. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. रुग्ण पूर्ण बरा दिसत असतानाही, म्हणजे ना उन्माद ना अवसाद अशा अवस्थेतही, त्या पट्ट्याचा हा उणेपणा बऱ्याच अभ्यासांत टिकून राहिला. एखादे क्लेशदायक चित्र दाखवून ‘याकडे निराळ्या दृष्टीने पाहा, मन शांत करा’ असे सांगितले असता निरोगी व्यक्तीत हा पट्टा कामाला लागतो. बऱ्या झालेल्या रुग्णांत तो तितका लागत नाही. ‘मन आवर’ हा घरच्यांचा उपदेश नेमका त्याच भागाला केलेला असतो, जो आजाराने दुबळा केला आहे.

दुसरी गोष्ट लाभाच्या ओढीची. काही मिळणार या चाहुलीने मेंदूतील व्हेंट्रल स्ट्रायटम हा भाग जागा होतो. या रुग्णांत लाभाच्या नुसत्या अपेक्षेने त्या साखळीत अधिक चेतना दिसल्याचे काही अभ्यास सांगतात. सौदा, सट्टा, अचानक जडलेला लोभ किंवा प्रेम यांत उडी घेण्याची उन्मादातील घाई यावरून थोडीफार उमगते.

अर्थात, ही सारी समूहांची सरासरी आहे. एका माणसाच्या मेंदूचे छायाचित्र पाहून ‘यास हा आजार आहे’ असे आज कोणालाही सांगता येत नाही, आणि तसे सांगून पैसे घेणाऱ्यापासून दूर राहावे. निदान होते ते रुग्णाशी व घरच्यांशी सविस्तर बोलूनच. येथे एक चूक वारंवार घडते. रुग्ण डॉक्टरांकडे जातो तो अवसादात. उन्मादाचे दिवस त्याला आजार वाटलेले नसतात आणि घरचेही ते संकोचाने सांगत नाहीत. मग केवळ नैराश्याचे औषध सुरू होते, आणि त्याने काही जणांत उन्माद उसळू शकतो. तेव्हा जुनी ‘धडाडी’ही डॉक्टरांच्या कानी घालायला हवी. अवसादात जीव नकोसा झाल्याची भाषा येऊ लागली तर ती बोलण्याची रीत समजू नये. १४४१६ या टेली-मानसच्या शासकीय क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते.

झोपेचा संबंध तर निरोगी माणसातही स्पष्ट दिसतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी तरुणांना सुमारे ३५ तास जागे ठेवले, तेव्हा क्लेशदायक चित्रे पाहताना त्यांचा अमिग्डाला झोप घेतलेल्यांपेक्षा ६० टक्के अधिक उसळला आणि कपाळामागील भागाशी त्याचा दुवा क्षीण झाला. ज्यांचा दुवा मुळातच सैल, त्यांना जागरणाने काय होत असेल ते सांगायला नको. आता आपल्याकडील लग्नघर डोळ्यांसमोर आणावे : आठवडाभर जागरणे, प्रवास, देणीघेणी, आणि सासरी कळू नये म्हणून लपवलेल्या किंवा बंदच केलेल्या गोळ्या. ‘लग्न झाले की ठीक होईल’ म्हणून बोहल्यावर चढवलेली मुलगी महिन्याभरात आजारी होऊन माहेरी येते, आणि दोन कुटुंबे एकमेकांना दोष देत राहतात. तिला मात्र कोणी विचारलेले नसते.

औषधांत सर्वांत जुने आणि अजूनही अग्रगण्य असलेले लिथियम हे एक साधे क्षारद्रव्य आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नजवळचे डॉक्टर जॉन केड यांनी ते आधी गिनीपिगांना टोचले, नंतर स्वतः घेऊन पाहिले, मग रुग्णांना दिले आणि १९४९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुक्या जीवांवरील त्या प्रयोगाची खंत वाटणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, ते प्राणी शांत झाले ते बहुधा विषाच्या गुंगीने. खरा पुरावा माणसांनीच दिला. केड यांचा पहिला रुग्ण वर्षानुवर्षे उन्मादात होता. तो बरा होऊन कामावर गेला, औषध सोडले, पुन्हा आजारी पडला, आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने दगावला. रक्तातील प्रमाण मोजून मात्रा ठरवण्याची पद्धत नंतर रूढ झाली. जेमिसनबाईंनीही औषध पुनःपुन्हा सोडले, काही अंशी उन्मादातील तेजाच्या मोहाने. आणि त्यापायी त्या मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन आल्या. मात्र मोठ्या मात्रेमुळे कित्येक वर्षे त्यांना गंभीर पुस्तक धड वाचता येत नव्हते, मात्रा कमी केल्यावर ते जमू लागले, हेही त्यांनी सांगितले आहे. रुग्ण गोळीबद्दल कुरकुर करतो तेव्हा ती कुरकुर डॉक्टरांपर्यंत पोचवावी. दटावून काही साधत नाही.

लिथियम घेणाऱ्यांच्या रक्तात त्याचे प्रमाण साधारणतः लिटरमागे ०.६ ते १ मिलिमोल राखले जाते. त्याहून फार वर गेले की ते विष. मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखेच वागवते. शरीरात पाणी किंवा मीठ कमी पडले की सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवते आणि रक्तातील प्रमाण वाढते. त्यामुळे पर्युषणातील किंवा दशलक्षण पर्वातील निर्जल उपवास, रसत्यागात सोडलेले मीठ, उन्हाळ्यातील चौविहार, या गोष्टी अशा रुग्णासाठी केवळ श्रद्धेच्या राहत नाहीत. हात थरथरणे, उलट्या-जुलाब, जीभ जड होणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे ‘उपवासाचा अशक्तपणा’ म्हणून सोडून न देता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सांधेदुखीसाठी घरात असलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळीही हे प्रमाण वाढवते. व्रताचा संकल्प करण्याआधी मनोविकारतज्ज्ञांशी बोलावे, आणि प्रकृती सांगून त्यागी महाराजांचेही मार्गदर्शन घ्यावे. दान, स्वाध्याय, सामायिक यांना पाणी सोडावे लागत नाही.

रात्री काहीही न घेण्याचा नियम असलेल्यांनी तो डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावा. लिथियम बहुधा रात्री एकदाच दिले जाते, पण वेळ बदलून मिळू शकते. रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करायची असते. गोळी सूर्यास्तापूर्वी सहाला घेतली, तर रक्त सकाळी सहाला द्यावे लागेल, दहाला नव्हे, आणि सकाळची मात्रा असल्यास ती रक्त दिल्यानंतरच घ्यावी.