साहेबांच्या टेबलावर आलेलं पत्र

सप्टेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या एका आईने अर्न्स्ट अँड यंगच्या भारतातल्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. तिची २६ वर्षांची सीए मुलगी मार्चमध्ये कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात रुजू झाली आणि जुलैमध्ये गेली. कामाच्या ताणाने हा मृत्यू झाला, हे आईचं म्हणणं कंपनीने मान्य केलं नाही. त्याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. पण पत्रातला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. ऑफिसच्या पार्टीत एका वरिष्ठाने थट्टेत म्हटलं होतं, की या मॅनेजरच्या हाताखाली हिला जड जाणार. आईचं हे म्हणणं खरं असेल, तर मॅनेजर कसा आहे हे वरच्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

पुढे कामगार खात्याने तपासणी केली, तेव्हा हे कार्यालय २००७ पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीशिवाय चालल्याचं उघड झालं. जगभर हिशेब तपासणाऱ्या कंपनीची ही गोष्ट. भिंतीवर कोणती मूल्यं लिहिली आहेत, याला मग काय अर्थ उरतो?

माझी नोकरी भोसरीतल्या एका कारखान्यात, पर्सोनेल खात्यात झाली. कँटीनच्या दाराशी सूचनापेटी होती. एका कामगाराने फोरमनच्या शिवीगाळीबद्दल चिठ्ठी टाकली. आमच्या तेव्हाच्या साहेबांनी ती चिठ्ठी, अक्षरासकट, त्याच फोरमनच्या हातात दिली. त्यानंतर पेटीत काही येईना, आणि मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये ‘तक्रारी शून्य’ असं समाधानाने नोंदवलं गेलं. नंतर आलेल्या साहेबांनी पेटीची किल्ली स्वतःकडे घेतली. ते जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्येच पेटी उघडायचे, चिठ्ठ्या मोठ्याने वाचायचे आणि जमणार नसेल ते तिथेच ‘जमणार नाही’ म्हणून सांगायचे. बाकी कारखाना तोच, पगार तोच, फोरमनही तोच. पण त्याची भाषा महिन्याभरात बदलली. त्याला कुणी ट्रेनिंगला पाठवलं नव्हतं. साहेब कुणाचं ऐकतात, एवढं त्याला कळलं होतं.

म्हणून मला वाटतं, वरच्या माणसाचा स्वभाव ओळखायचा असेल तर त्याचं भाषण ऐकू नये. त्याला न आवडणारं पत्र त्याच्या टेबलावर आलं की तो काय करतो, ते बघावं.

याचं मोठं उदाहरण आपल्याच पुण्यात आहे. १९९६ मध्ये बॉयलर बनवणाऱ्या थरमॅक्सचे प्रमुख रोहिंटन आगा अचानक गेले आणि कंपनीची धुरा त्यांच्या पत्नी अनु आगा यांच्यावर आली. तोवर त्या कंपनीत मनुष्यबळ खातं सांभाळत होत्या. वर्षभराने त्यांचा तरुण मुलगाही अपघातात गेला. त्यातच मंदी आली आणि चारशे रुपयांच्या घरातला शेअर ३६ रुपयांपर्यंत घसरला. अशा वेळी एका भागधारकाचं निनावी पत्र आलं: तुम्ही आम्हाला बुडवलंत, अशा अर्थाचं. निनावी पत्र फाडून टाकायला कुणाची हरकत नव्हती. घरातली दुःखं एवढी, की कुणी त्यांना दोषही दिला नसता. पण त्या पत्राने झोप उडाली हे अनुताईंनी पुढे जाहीरपणे सांगितलं. त्यांनी बाहेरचे सल्लागार बोलावले, संचालक मंडळ बदलून स्वतंत्र संचालक आणले, मूळ व्यवसायाशी संबंध नसलेले उद्योग कमी केले. कंपनी सावरली आणि २००४ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं. वाकडेवाडीवरून जाताना थरमॅक्स हाऊस दिसलं की मला बॉयलर आठवत नाहीत, ते निनावी पत्र आठवतं.

त्याआधीचं एक पोस्टकार्डही पुणेकरांना माहीत आहे. स्त्रियांनी अर्ज करू नयेत, अशी अट टेल्कोच्या जाहिरातीत पाहून १९७४ मध्ये सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडी टाटांना लिहिलं. एका विद्यार्थिनीचं कार्ड ते. पण पुण्यात मुलाखतीचं बोलावणं आलं आणि त्यांना नोकरीही मिळाली.

आज हिंजवडी, खराडीतल्या कंपन्यांत तक्रारींसाठी पोर्टल आहेत, सर्व्हे आहेत, टाउनहॉल आहेत. मुलं तरीही गप्प असतात. सर्व्हेवर नाव नसलं तरी कुणी लिहिलं ते टीममध्ये ओळखू येतं आणि ॲप्रेझल त्याच मॅनेजरच्या हातात असतं. आकडे गाठून देणारा मॅनेजर माणसांना कसा वागवतो, हे मजल्यावर सगळ्यांना माहीत असतं. त्यालाच बढती मिळाली, की कंपनीला काय हवं आहे ते नव्या मुलांना पहिल्या तिमाहीतच समजतं. त्या बढतीच्या कागदावर सही करणारा माणूस संस्थेची संस्कृती ठरवतो. एचआरवाल्यांना दोष देऊन त्याची सुटका होत नाही.

माझी पुण्यातल्या संचालकांना कळकळीची विनंती आहे. येत्या एप्रिलमध्ये बढत्यांची यादी समोर येईल, तेव्हा प्रत्येक नावाखालून गेल्या दोन वर्षांत नोकरी सोडून गेलेल्या तिघा-चौघांना स्वतः फोन करा. एचआरला करायला सांगू नका. ते काय सांगतात ते पूर्ण ऐका आणि मगच सही करा.