जुना ट्रॅक्टर : ठेवावा की बदलावा?

चाळीसगाव परिसरात दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची आवक वाढू लागते आणि जिनिंगच्या आवारात माल हलविणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरचा प्रश्न उभा राहतो. वडिलांनी घेतलेले यंत्र म्हणून ममत्वही असते. अशा वेळी हिशेबच कामास येतो.

६ लाखांच्या ट्रॅक्टरवर दरसाल शिल्लक किमतीच्या १५ टक्के घसारा धरल्यास १० वर्षांनी वहीत सुमारे १,१८,००० रुपये उरतात. हा आकडा आयकरासाठी आहे, निर्णयासाठी नव्हे. आजवरच्या दुरुस्तीचा खर्चही परत येणार नाही. तोही बाजूला ठेवावा.

विचार पुढील ३ वर्षांचा करावा. जुना विकून वर ६ लाख घालावे लागत असतील, तर १० टक्क्यांनी व्याजच दरसाल ६०,००० होते. नव्याची घटती किंमत वेगळी. जुन्याची दुरुस्ती व बंद दिवसांचे नुकसान या बेरजेहून कमी असेल, तर तो खुशाल ठेवावा. मात्र खोळंबलेला शेतकरी एकदा दुसऱ्या दारी गेला, की ते नुकसान कोणत्याही बिलात दिसत नाही. तेही मोजावे, आणि निर्णय भाद्रपदातच घ्यावा.